नाशिकमध्ये निसर्गाला धरून घर बांधायचंय? आधी पश्चिमेचं बघा

गिरणारे रस्ता असो, त्र्यंबक रोड असो की मखमलाबादच्या मागची बाजू, प्लॉट घेतलेला माणूस आर्किटेक्टला पहिलं वाक्य एकच ऐकवतो: "हॉलमधून डोंगर दिसला पाहिजे." मागणी रास्त आहे. अडचण एवढीच की अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि त्र्यंबकची सगळी रांग नाशिकच्या पश्चिमेला येते. एप्रिल-मेचं दुपारनंतरचं ऊन त्याच बाजूने येतं आणि जुलैतला वाऱ्यावर आडवा होणारा पाऊसही. जे बघायचंय आणि जे अडवायचंय ते एकाच खिडकीत. इथल्या घराच्या डिझाइनचा निम्मा विचार या पेचात जातो, उरलेला कागदपत्रांत.

आमचं घर उभं राहिलं, त्यात राहूनही झालं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते. तुमचा प्लॉट इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडे चार भिंतींच्या गर्दीत असेल, तर पाचव्या पायरीतलं चौकाचं, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणाचं, तेवढं नीट वाचा.

१. नकाशाच्या आधी कागद

प्लॉटच्या कडेचं आंब्याचं झाड बघून विसार देऊ नका. आधी हे हातात घ्या:

- चालू सातबारा आणि ८अ. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक
- मागचे फेरफार आणि वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट
- बिगरशेती आदेश किंवा सनद, मंजूर लेआउटची प्रत
- भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, हद्दीच्या खुणांसह 'क' प्रत
- झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा
- खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन

यातलं मोजणीचं काम लोक पुढे ढकलतात, कारण त्याला वेळ लागतो. ढकलू नका. कुंपण जिथे आहे तिथे हद्द असतेच असं नाही, आणि तुम्ही ज्या झाडाभोवती घर कल्पिलंय ते शेजाऱ्याचं निघू शकतं.

सापळे दोन. पहिला, "एनए (बिगरशेती) होऊनच जाईल." होईल तेव्हा बघू म्हणा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. दुसरा, "फार्महाऊस प्लॉट" या नावाने विकले जाणारे गुंठे. कागदावर तो अनेकांच्या नावांचा सामायिक सातबारा असतो, तुमचा तुकडा कुठला हे त्यात कुठेच नसतं आणि बांधकाम परवानगीच्या टेबलावर फाइल तिथेच थांबते. सध्या येत्या सिंहस्थाचं नाव पुढे करून घाई करणारे एजंटही भरपूर भेटतील. घाई त्यांची आहे.

प्लॉट महापालिकेच्या हद्दीत आहे की बाहेर, हेही आत्ताच लिहून ठेवा. हद्दीबाहेरच्या बऱ्याच गावांसाठी २०१७ पासून नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, म्हणजे फाइल कुठे जाणार ते यावर ठरतं.

२. पाणी कुठवर येतं ते विचारा

नदीकाठचा प्लॉट जानेवारीत बघितला तर कुणीही प्रेमात पडेल. गोदावरीच्या पुराचं माप नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर घेतात: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. तुमच्या प्लॉटजवळ मारुती नसेल, म्हणून पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत घर नाही, विषय संपला. दोन्ही रेषांच्या मध्ये असाल तर जोतं पूरपातळीच्या वर उचलण्याच्या अटी येतात आणि त्या अटी घराचं रूपच बदलतात. अंगणात सहज पाऊल टाकता येईल असं घर मग होत नाही.

गोदावरीच बघून थांबू नका. नासर्डी, वालदेवी, वाघाडी यांनी २००८ आणि २०१९ ला काय केलं ते जवळच्या किराणा दुकानदाराला विचारा. प्लॉटमधून जाणारा, बारमाही कोरडा दिसणारा ओढाही बुजवू नका, कितीही सपाट जागा मिळत असली तरी. त्याला त्याची वाट माहीत आहे.

३. प्लॉटवर बसा, वही घेऊन

लागणारी साधनं स्वस्त आहेत: लांब टेप, होकायंत्र, चुन्याची फक्की, बांबूचे खुंट, सुतळी, वही. कागदपत्रांना वेळ लागणारच असतो, तो इथे वापरा. मे महिन्यात दुपारी चार वाजता, जुलैत मुसळधार चालू असताना आणि डिसेंबरात सकाळी सातला, या तिन्ही वेळा चुकवू नका.

काय टिपायचं? प्रत्येक झाडाचा बुंधा हद्दीपासून किती अंतरावर आहे आणि त्याची सावली दुपारी कुठे पडते. पाणी कुठून येतं, कुठे साचतं. रात्री रस्त्याचा दिवा कुठल्या बाजूने झोपेत येणार. आणि शेजारी काय पिकतं. द्राक्षबाग बघायला देखणी. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारणीचा ट्रॅक्टर भल्या पहाटे सुरू होतो आणि औषधाचा वास वाऱ्यावर घरात येतो. बागेच्या बाजूला झोपायची खोली ठेवू नका, तिथे जिना, स्टोअर, गाडी ठेवायची जागा असं काही ढकला. बागाईतदाराशी भांडून उपयोग नाही, तो तुमच्या आधीपासून तिथे आहे.

मग चुन्याने खोल्या आखा आणि त्यात खुर्ची टाकून बसा. कागदावर बारा बाय पंधराची खोली वेगळी वाटते, गवतावर वेगळी.

४. आर्किटेक्ट निवडताना

१९७२ च्या कायद्यानुसार आर्किटेक्टची नोंदणी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. त्यांनी बांधलेलं घर बघायला जा, तेही मे महिन्यात दुपारी. जानेवारीत सगळीच घरं छान असतात. घरमालकाला एकच विचारा: एसी कुठल्या खोलीत आणि दिवसातून किती वेळ?

फोनमध्ये अलिबाग-लोणावळ्याच्या बंगल्यांचे फोटो साठवून नेऊ नका, किंवा नेले तरी त्यांच्याकडून फक्त रंग आणि फर्निचर घ्या. कोकणात हवा दमट, दिवसरात्र वारा खेळता ठेवावा लागतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथला उन्हाळा कोरडा. दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि रात्री विशीच्या घरात उतरतो. म्हणून इथली रीत उलटी: सकाळी दहाला खिडक्या-पडदे बंद, सूर्य कलला की सगळं सताड उघडं, आणि रात्रीच्या गारव्याने जाड भिंती थंड करून घ्यायच्या. उघडता येईल तितकंच नीट बंदही करता येईल असं घर मागा. सबंध भिंतभर न उघडणारी काच असेल तर यातलं काहीच करता येत नाही.

त्यांना द्यायच्या गोष्टी: मोजणीची प्रत, उंचसखलपणा दाखवणारा लेव्हल सर्व्हे, प्रत्येक झाडाची जागा आणि तुमची वही. स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतंत्र असू द्या.

५. पश्चिमेचा पेच

आधी सूर्याचं गणित, कारण छज्जा टाकला की झालं असं कंत्राटदार सांगतो.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेला राहतो. यामुळे दक्षिणेची खिडकी सोपी ठरते: दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन पूर्ण अडवतो आणि थंडीतलं आत येऊ देतो. निफाडकडच्या थंडीच्या बातम्या वाचता ना? तेव्हा दक्षिणेच्या खिडकीशी बसून चहा घेण्यासारखं सुख नाही.

पश्चिमेला हा छज्जा कुचकामी. चार-साडेचारचं ऊन तिरपं, छज्जाच्या खालून थेट पलंगापर्यंत. शिवाय जूनमध्ये सूर्य मावळतो तो पश्चिमेपासून जवळपास २५ अंश उत्तरेला सरकून, म्हणजे वायव्येकडची भिंतही तापते.

मग डोंगर कसा बघायचा? पडवीतून. पश्चिमेला आठ-दहा फूट खोल पडवी, तिच्या छपराची पुढची कड मुद्दाम खाली आणलेली, आणि काच पडवीच्या आतल्या भिंतीत. दुपारी बांबूची चीक सोडायची, सहा वाजता गुंडाळायची. डोंगर तसाही सकाळी आणि संध्याकाळीच बघण्यासारखा असतो. दुपारी तीनला मेमध्ये तो धुरकट राखाडी दिसतो, त्यासाठी लाखभराची काच लावण्यात अर्थ नाही. पावसात याच पडवीत कपडे वाळतात, हा आमच्या सासूबाईंचा आवडता मुद्दा आणि तो बरोबर आहे.

पडवीला जागा नसेल तर उभ्या पट्ट्या, विटांची जाळी किंवा खोल कोनाड्यातली अरुंद उभी खिडकी. दृश्याला रुंदी लागत नाही. जागेवर उभं राहून बघा, दोन फूट रुंदीत अख्खी अंजनेरी मावते.

पटत नसेल तर एप्रिलात दुपारी पांडवलेणीला जा. डोंगराची उत्तरेची बाजू निवडून कोरलेली लेणी, पुढे खांबांची पडवी, मग आतलं दालन. पायऱ्या चढून घामाघूम झालेला माणूस त्या पडवीत शिरताच काय होतं ते अंगाला कळतं.

वास्तूचा विषय घरात निघणारच. मालकाची झोपायची खोली नैऋत्येला, असं सांगतात, आणि नाशिकमध्ये नैऋत्येची खोली संध्याकाळी सर्वात जास्त तापते. वाद घालत बसू नका. त्या खोलीच्या पश्चिम भिंतीला आतून कपाटं आणि बाहेरून वेल किंवा दुसरी भिंत द्या, मोठी खिडकी दक्षिणेला घ्या. दोघांचंही समाधान होतं.

लहान प्लॉटसाठी जुन्या नाशिकचं उत्तर आहे: चौक. सराफ बाजाराजवळच्या वाड्यांना बाहेर बघायला काही नव्हतं, त्यांनी आभाळ आत घेतलं. सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, सोडून उरलेल्या जागेत दहा बाय दहा फुटांचा चौक निघाला तरी पुरतो. फक्त त्याचा निचरा आधी आखा. दहा चौरस मीटरच्या चौकात १०० मिलिमीटर पाऊस झाला की हजार लिटर पाणी होतं. चार इंची पाइप, उघडता येणारी जाळी, आणि चौकाची फरशी खोल्यांपेक्षा सहा इंच खाली. वरून काचेचं छत टाकण्याचा मोह होईल. टाकलंत तर गरम हवा वर जाऊन निघून जाण्याची वाटच बंद होते.

६. परवानग्या

राज्यात डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. सामासिक अंतरं, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण), जोत्याची उंची तिच्यात मिळते. अर्ज ऑनलाइन, आर्किटेक्टच्या लॉगिनमधून जातो. तरी प्रत्येक शेऱ्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

क्रम असा: नकाशा मंजुरी आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मग जोते तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घरात राहायची परवानगी. पडवी, पर्गोला, चौक हे एफएसआयमध्ये किती धरले जातात ते नकाशावरच स्पष्ट लिहून घ्या. मंजुरीनंतर "पडवी थोडी वाढवू" हा उद्योग भोगवट्याच्या वेळी अंगाशी येतो. घर शेती झोनमध्ये असेल तर शेतघराचे नियम वेगळे आणि बांधकाम क्षेत्राची मर्यादा कडक.

झाड तोडायला, छाटायलाही, शहरात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; कायदा १९७५ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरली. सगळ्यात सोपी परवानगी म्हणजे झाड वाचवून घर दोन फूट सरकवणं.

७. माती आणि पाया

नाशिकची काळी माती द्राक्षाला चांगली, घराला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नकाशा पक्का करण्याआधी दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या आणि मुरूम किंवा पक्का दगड किती खाली लागतो ते बघा. एकाच प्लॉटवर एका टोकाला चार फुटांवर आणि दुसऱ्या टोकाला दहावर लागू शकतो. मातीचा तपास अहवाल इंजिनिअरला द्या, अंदाजाने फुटिंग टाकू देऊ नका. जोत्याखाली काळ्या मातीची भर नको, मुरूमच, थर थर पाणी मारून धुम्मस केलेला.

खोदाईत निघालेली काळी माती मात्र ट्रॅक्टर भरून बाहेर जाऊ देऊ नका. एका कोपऱ्यात रचा, ती तुमची बाग आहे. निघालेला दगडही ठेवा.

८. भिंती आणि छप्पर

काळा दगड इथलाच, काळाराम मंदिर त्याचंच आहे. सबंध घर दगडाचं करणं आज बहुतेकांना परवडत नाही, आणि दगडकाम येणारा कारागीरही शोधावा लागतो. पश्चिमेची एक भिंत, जोतं आणि अंगणाचे कठडे एवढं दगडात करा. पातळ दगडी पट्ट्या चिकटवून दगडाचा भास आणू नका. उष्णता त्यांना अडत नाही. बाकी भिंतींना नऊ इंची वीट. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रामुळे राखेच्या विटा या भागात सहज मिळतात.

घर तापतं ते मुख्यतः स्लॅबमधून. त्यावर कोबा आणि वर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी, हा जुना उपाय अजूनही चांगला. पश्चिमेच्या पडवीवर मंगलोरी कौलं घातलीत तर वाऱ्याच्या बाजूची कौलं तारेने बांधा. जुन्या वाड्यांचं सागवान मिळालं तर दारांसाठी घ्या, वाळवी बघून.

सोलर पॅनेल बसवणार असाल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. गच्चीची दक्षिण बाजू मोकळी ठेवा.

९. पाणी

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, इगतपुरी-त्र्यंबककडे त्याच्या कितीतरी पट, सिन्नरकडे कमी. शंभर चौरस मीटर छतावरून, गळती धरूनही, पंचावन्न हजार लिटरच्या आसपास हाती लागतं. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला पर्जन्य जलसंधारण सक्तीचं आहे, पण लहान प्लॉटवरही करा. टाकी जमिनीखाली, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, गाळण. बोअरवर विसंबू नका, खडकात भेग लागली तर पाणी, नाहीतर धूळ.

काळ्या मातीत आणि अखंड खडकात शोषखड्डा शोषत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. न्हाणीचं आणि ओट्याचं पाणी वेगळ्या पाइपने कर्दळी-केळीच्या वाफ्यात न्या. सेप्टिक टँकची जागा बोअरपासून किमान पन्नास फूट लांब.

१०. साप, बिबट्या, डास

निसर्ग जवळ हवा म्हटल्यावर हेही येणारच. डासांसाठी प्रत्येक उघडणाऱ्या खिडकीला सरकती जाळी, पडवीच्या दारालाही. नाहीतर संध्याकाळी सहाला सगळं बंद करून बसाल आणि रात्रीचा गारवा बाहेरच राहील. सापांसाठी जोतं दोन फूट तरी उंच, दाराखाली फट नाही, गटाराच्या तोंडाला जाळी, भिंतीलगत विटा-लाकडांचा ढीग नाही. गिरणारे, मखमलाबाद, देवळाली कॅम्पच्या बाजूला बिबट्या नवीन नाही: कुत्रा रात्री आत, आणि कुंपणालगतच्या झुडपांच्या बुडाशी पलीकडचं दिसेल इतकी मोकळीक. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फ्रिजवर चिकटवा. बाहेरचे दिवे कमी आणि खाली तोंड केलेले ठेवा, किडेही कमी येतात.

११. झाडं, बांधकाम संपायच्या आधी

पश्चिमेला पानगळीची झाडं लावा, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळेल, असं परदेशी पुस्तकांत असतं. आपली पानगळ उलटी. पळस आणि पांगारा ऐन मार्चमध्ये निष्पर्ण, बहावा मेमध्ये फुलतो तेव्हा पानं नावाला. पश्चिमेच्या सावलीसाठी करंज आणि कडुनिंब: उन्हाळा तापायच्या सुमारास त्यांना नवी पालवी येऊन डेरा दाट होतो. आंबा चालतो, जागा असेल तर. पळस-बहावा पूर्वेला किंवा कडेला, बघण्यासाठी. वड, पिंपळ, उंबर घरापासून चांगले दूर. त्यांची मुळं आणि काळ्या मातीतला पाया यांचं जमत नाही. गुलमोहर वादळात फांद्या टाकतो, गाडीच्या जागेवर नको.

करंज घराच्या भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर, आणि डोंगराच्या रेषेत येणार असेल तर खालच्या फांद्या पहिल्या तीन-चार वर्षांत काढत चला. डेरा वर जातो, ऊन अडतं आणि बुंध्यांमधून डोंगर दिसत राहतो. रोपं कुंपण झाल्याबरोबर पहिल्या जूनमध्येच लावा. कंत्राटदार "गिलावा होऊ द्या" म्हणेल. झाडांची जागा पत्रे लावून बंद करा, तिथे सिमेंट कालवू देऊ नका आणि धुतलेल्या घमेल्यांचं पाणी ओतू देऊ नका. घर पूर्ण होईपर्यंत ती माणसाच्या उंचीची होतात, आणि भोगवटा प्रमाणपत्र यायला उशीर झाला तर त्याहूनही उंच.